‘हृदयस्पर्शी’ला सुट्टी

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मी मराठीचा शिक्षक. तीस वर्षं माध्यमिक शाळेत मराठी शिकवलं. त्या काळात उत्तरपत्रिका किती तपासल्या याची मोजदाद मी ठेवली नाही. ठेवायचीच होती, तर ती ‘हृदयस्पर्शी’ या शब्दाची ठेवायला हवी होती. कवितेचं रसग्रहण करा, असा प्रश्न आला की हा शब्द येणारच. त्याच्या मागोमाग ‘मनोवेधक’, ‘ओघवती भाषा’, ‘चित्रमय शैली’, आणि शेवटी ‘ही कविता वाचकाच्या मनाचा ठाव घेते’. पंगतीत मीठ, लिंबू, चटणी जशी पानाच्या ठरलेल्या जागी वाढतात, तसे हे शब्द ठरलेल्या जागी पडतात. कविता आईवर असो, पावसावर असो की गिरणी कामगारावर असो, पान तेच.

कवितेबद्दल मुलांना नीट लिहायला कसं शिकवायचं, याविषयी आज थोडं बोलायचं आहे. पण आधी एक कबुली द्यायला हवी. ती दिल्याशिवाय पुढचं बोलण्याचा मला अधिकार नाही.

माझ्या नोकरीच्या पहिल्या काही वर्षांतली गोष्ट. दहावीची सहामाही परीक्षा. पाठ्यपुस्तकातल्या आईवरच्या एका कवितेचं रसग्रहण विचारलं होतं, ४ गुणांना. गठ्ठ्यातल्या बहुतेक मुलांनी पानभर लिहिलं होतं. कवीचा परिचय, कवितेचा विषय, अलंकार, ओघवती भाषा, हृदयस्पर्शी शेवट. मी भराभर साडेतीन, साडेतीन, तीन असे गुण देत चाललो होतो. मग एका मुलीचा पेपर आला. तिने जेमतेम पाच ओळी लिहिल्या होत्या. त्यांचा मथितार्थ असा, की या कवितेत आई एकदाही बसलेली नाही. ती वाकते, उचलते, वळते, निघते. कवी तिच्यावर माया करतो, पण त्यानेसुद्धा तिला कवितेत बसू दिलेलं नाही.

मी त्याखाली लाल शाईने लिहिलं, ‘विषयांतर. मुद्द्याला धरून लिहा.’ आणि दीड गुण दिला.

ती मुलगी भांडायला आली नाही. तिने माझं ऐकलं. वार्षिक परीक्षेत तिने गाईडमधलं उत्तर शब्दन् शब्द लिहिलं आणि मी तिला साडेतीन गुण दिले. ‘छान प्रगती’ असा शेराही मारला.

पुढे सात-आठ वर्षांनी तीच कविता पुन्हा शिकवायची वेळ आली. आदल्या रात्री तयारी करताना तिच्या त्या पाच ओळी अचानक आठवल्या. मी पेन्सिल घेतली आणि कवितेतल्या आईच्या सगळ्या क्रियापदांखाली रेघा मारल्या. ती खरंच कुठेही बसलेली नव्हती. इतकी वर्षं ती कविता शिकवून मला जे दिसलं नव्हतं, ते एका पंधरा वर्षांच्या मुलीला दिसलं होतं. आणि दिसलेलं लिहू नये, हे तिला मीच शिकवलं होतं.

श्रोतेहो, त्या रात्रीनंतर मी शिकवणं बदललं. ते काय बदललं, तेवढंच आज सांगतो.

पहिली गोष्ट अशी, की मुलं ठरीव शब्द लिहितात ती आळसाने नव्हे. वर्गात कवितेबद्दल त्यांच्या कानांवर तेच शब्द पडतात, आणि गुणही त्याच शब्दांना मिळतात. हा दोष केवळ आपल्याकडचा आहे असंही नाही. इंग्लंडमधल्या केंब्रिज विद्यापीठात आय. ए. रिचर्ड्स नावाचे प्राध्यापक होते. ते विद्यार्थ्यांना कविता वाचायला देत, पण कवीचं नाव सांगत नसत आणि काळही सांगत नसत. कवितेबद्दल काय वाटतं ते लिहून आणा, एवढंच सांगत. अशा १३ कवितांवर आलेली उत्तरं त्यांनी १९२९ साली ‘प्रॅक्टिकल क्रिटिसिझम’ या पुस्तकात छापली आणि तपासली. नावाचा आधार काढून घेतल्यावर चांगली शिकलेली मुलंही साध्या अर्थापाशीच अडखळली. कवितेत काय आहे हे पाहण्याऐवजी, अशा विषयावर जे वाटायला हवं असं ठरलेलं असतं, तेच अनेकांनी लिहून दिलं. आई म्हटलं की वात्सल्य, शेतकरी म्हटलं की काबाडकष्ट, पाऊस म्हटला की आनंद. शब्द वाचायच्या आधीच भावना तयार!

मग कविता शब्दागणिक वाचणं हे साहेबाचंच शास्त्र म्हणायचं का? मुळीच नाही. वारकरी कीर्तनकार एक अभंग घेतो आणि त्यावर दोन-दोन तास बोलतो. एक चरण घेऊन उभा राहतो. इथे हाच शब्द का आला, दुसरा का नाही, असं श्रोत्यांनाच विचारतो. समोर बसलेला शेतकरी मान डोलावतो, कारण त्याला पटलेलं असतं. गीतेच्या ७०० श्लोकांवर ज्ञानेश्वरांनी ९ हजारांच्या आसपास ओव्या सांगितल्या, त्या शब्दाला धरूनच. एका शब्दापाशी थांबणं आपल्या रक्तात आहे. आपण ते देवळात करतो आणि शाळेत विसरतो.

आता वर्गात काय करतो ते सांगतो. पाठ्यपुस्तकातली कविता मी सुरुवातीला घेतच नाही, कारण तिचं उत्तर मुलांकडे आधीच तयार असतं. मी फळ्यावर चार ओळी लिहितो. त्या माझ्याच आहेत, आणि कविता म्हणून त्यांची किंमत फार नाही. सरावापुरत्या त्या चालतात.

आजोबा गेले. ओसरीवरची काठी
अजून उभीच आहे.
दिवेलागणीला कुणीतरी
कंदील तिच्या बाजूला सरकवतं.

मग मुलांना सांगतो, लिहा. पहिल्या फेरीत जे येतं ते असं: ‘कवीने आजोबांविषयीचे दुःख अत्यंत हृदयस्पर्शी शब्दांत व्यक्त केले आहे. भाषा साधी, सोपी व ओघवती आहे. काठीचे चित्र डोळ्यांसमोर उभे राहते.’ यात चूक म्हणावं असं काही नाही. पण हे उत्तर आजीवरच्या कवितेलाही चालेल, बैलावरच्याही चालेल. जे उत्तर कुठल्याही कवितेला चालतं, ते या कवितेचं उत्तर नसतं. आमच्या वर्गातली ही पहिली कसोटी.

मग मी महिनाभरासाठी काही शब्दांना सुट्टी देतो. हृदयस्पर्शी, मनोवेधक, ओघवती, चित्रमय, सुंदर, अप्रतिम. फळ्याच्या कोपऱ्यात त्यांची यादी लावतो. मुलं आधी हसतात, मग घाबरतात, कारण हे शब्द काढले तर लिहायला उरतं काय? उरते ती समोरची कविता. आता तिच्याकडे पाहावंच लागतं.

एका वर्षी एक मुलगा उठून म्हणाला, ‘सर, आजोबा गावाला गेलेत.’ वर्गात हशा पिकला. मी मुलांना थांबवलं. म्हटलं, तो चुकला असेल तर सिद्ध करून दाखवा. ‘गेले’ या शब्दाचे मराठीत दोन्ही अर्थ होतात. मुलं पुन्हा ओळी वाचू लागली. थोड्या वेळाने मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, ‘गावाला गेले असते तर काठी घेऊन गेले असते.’ त्या मुलालाही ते पटलं. मी त्या मुलीला एवढंच सांगितलं, की तू आत्ता जे केलंस त्यालाच समीक्षा म्हणतात. तू मत मांडलंस आणि त्याचा पुरावा ओळीतून काढून दाखवलास.

कवितेचा कुणी काहीही अर्थ काढू शकतो, असं अनेकांना वाटतं. तसं नसतं. अर्थ एकापेक्षा जास्त निघतात हे खरं, पण प्रत्येक अर्थाला ओळींपुढे हजर व्हावं लागतं. काही अर्थ तिथे टिकतात, काही टिकत नाहीत. हे मुलांना एकदा उमगलं की कविता हा ‘मनाला येईल ते लिहा’ असला विषय राहत नाही, आणि पाठांतराचाही राहत नाही.

दुसरी कसोटी शब्द बदलून पाहण्याची. ‘काठी उभी आहे’च्या जागी ‘काठी ठेवलेली आहे’ असं म्हणून बघा. काय हरवलं? एक मुलगा म्हणाला, ‘ठेवलेली म्हटलं की ती वस्तू होते. उभी म्हटलं की माणूस वाटते.’ दुसरा म्हणाला, ‘सर, काठी आजोबांना उभं राहायला मदत करायची. आता ती एकटीच उभी आहे.’ मग ‘उभीच’मधला ‘च’ काढून बघितला. ‘अजून उभी आहे’ ही नुसती माहिती झाली. ‘अजून उभीच आहे’ म्हटलं की कुणी वाट पाहत ताटकळल्यासारखं वाटतं. मराठीतला हा एका अक्षराचा ‘च’ किती काम करतो! व्याकरणाच्या तासाला त्याला शब्दयोगी अव्यय म्हणून आपण पुढे जातो.

‘कुणीतरी’वर तर वर्गात वादच झाला. एकजण म्हणाला, ती आजी असणार. त्यावर दुसरीने हरकत घेतली, की आजी असती तर ‘सरकवते’ असं लिहिता आलं असतं. इथे ‘सरकवतं’ आहे. आपल्या भाषेत क्रियापद बहुधा बाईमाणूस, बाप्यामाणूस सांगून टाकतं. इथे नपुंसकलिंग वापरून ते लपवलं आहे. का लपवलं असेल? घरातल्या कुणालाही आपण कंदील सरकवतो हे कबूल करायचं नसेल. किंवा रोज वेगळंच कुणी सरकवत असेल. दोन्ही अर्थ ओळींपुढे टिकतात, म्हणून दोन्ही लिहिता येतात.

खरं सांगतो, मी त्या ओळी लिहिल्या तेव्हा नपुंसकलिंगाचा एवढा विचार केला नव्हता. मुलांनी मला लगेच पकडलं. ‘सर, हे तुमच्या मनात होतं का?’ मी म्हटलं, नव्हतं. पण ओळीत आहे की नाही? आहे. मग झालं. कवीच्या मनात काय होतं हे विचारायला आपण जाऊ शकत नाही. ओळीत काय आहे, ते मात्र आपल्यापैकी कुणीही बोट ठेवून दाखवू शकतं.

एवढं बोलून झाल्यावर मुलं पुन्हा लिहायला बसली. एका मुलाचं उत्तर मी वहीत उतरवून ठेवलं आहे. तो लिहितो: ‘या ओळींत दुःख हा शब्द एकदाही येत नाही. ते घरातल्या वस्तूंमधून कळते. काठी ठेवलेली नाही, उभी आहे. ज्या काठीने आजोबांना उभे राहायला मदत केली, ती आता एकटी उभी आहे. “उभीच” मधल्या “च”मुळे ती वाट पाहते आहे असे वाटते. कंदील सरकवणाऱ्याचे नाव नाही, आणि “सरकवतं” या रूपामुळे तो पुरुष की स्त्री हेही कळत नाही. त्यामुळे हे दुःख एका माणसाचे न राहता साऱ्या घराचे होते.’

सात वाक्यं. त्यांत एकही विशेषण उसनं घेतलेलं नाही. आणि प्रत्येक वाक्य तुम्ही ओळींशी ताडून पाहू शकता. औपचारिक लेखन म्हणतात ते मला इथे दिसतं. औपचारिक म्हणजे जड शब्द, असा आपला समज असतो. ‘प्रस्तुत काव्यपंक्तींमधून कवीने’ असं सुरू केलं की लेखन औपचारिक झालं! माझ्या मते, जे दुसऱ्याला तपासून पाहता येतं ते औपचारिक. ‘मला ही कविता आवडली’ हे तुम्हाला तपासता येत नाही. ‘या कवितेत दुःख हा शब्द नाही’ हे तपासता येतं.

मुलांना मी तीन प्रश्न लिहून देतो. तुला काय जाणवलं? कुठल्या शब्दामुळे जाणवलं? त्या शब्दाने ते कसं केलं? पहिल्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यांकडे असतं. दुसऱ्याचं थोडं शोधावं लागतं. खरी मेहनत तिसऱ्याला लागते, आणि नेमकं तेच आपण विचारायचं सोडून देतो.

अलंकारांचंही तेच होतं. ‘येथे उपमा अलंकार झाला आहे’ असं लिहून मुलं पेन खाली ठेवतात. हे म्हणजे डॉक्टरने ‘तुम्हाला ताप आहे’ एवढंच सांगून उठावं, तसं झालं. ताप आहे हे आम्हालाही कळतंय. तो कशाने आला ते सांगा! मुलीच्या चेहऱ्याला चंद्राची उपमा दिली आणि भाकरीची दिली, तर अलंकार एकच. पण दोन कवितांमधली घरं वेगळी असतात, भूक वेगळी असते. उपमा ओळखण्याला अर्धा गुण द्यावा, आणि हीच उपमा का, याच्या उत्तराला उरलेले.

हे सगळं कथेलाही लागू पडतं. फक्त प्रश्न थोडे बदलतात. गोष्ट कोण सांगतंय? सांगणाऱ्याला काय ठाऊक नाही? कुठली घटना आधी सांगितली आणि कुठली मागे ठेवली? ‘या कथेतून लेखकाने समाजातील विषमतेवर प्रकाश टाकला आहे’ या वाक्याला मात्र तिथेही सुट्टी.

इथे आकाशवाणीवर बोलतो आहे, म्हणून बा. सी. मर्ढेकरांची आठवण होते. ते आकाशवाणीत अधिकारी होते. कवी म्हणून त्यांना सगळे ओळखतात, पण त्यांनी सौंदर्यशास्त्रावरही आयुष्यभर विचार केला. ‘सौंदर्य आणि साहित्य’ या त्यांच्या पुस्तकाला १९५६ सालचा साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. कलाकृतीची रचना संवाद, विरोध आणि समतोल या तत्त्वांवर उभी असते, असं ते सांगत. त्यांच्या मतांवर पुढे पुष्कळ वाद झाले आणि ते व्हायलाच हवे होते. पण कवितेचं मोठेपण तिच्या विषयात शोधू नका, तिच्या घडणीत शोधा, हा त्यांचा आग्रह शाळेतल्या मुलालाही उपयोगी पडतो. आजोबा गेले हा विषय कुठल्याही घरातला. काठी, कंदील, ‘च’ आणि ‘कुणीतरी’ ही झाली घडण.

आता एक व्यवहारातली अडचण. शिक्षक मित्र म्हणतात, ‘हे ठीक आहे हो, पण आमच्यापुढे साठ मुलं, अभ्यासक्रम पुरा करायचा, आणि परीक्षेत आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्यं असे मुद्दे पाहून गुण द्यायचे.’ त्यांचं म्हणणं खोटं नाही. मी स्वतः त्याच घाईत तपासत होतो. पण मुद्दे आड येत नाहीत. त्याच तीन मुद्द्यांखाली ठरीव वाक्यं लिहिता येतात, तशी पाहिलेलीही लिहिता येतात. वर्षाला दहा कविता अशा शब्दागणिक वाचणं जमणार नाही. दोन वाचा. पोहायला शिकलेल्या मुलाला प्रत्येक विहीर नव्याने शिकवावी लागत नाही.

आणि आज तर हे पूर्वीपेक्षा जास्त गरजेचं झालं आहे. मोबाइलवर कवितेचं नाव टाकलं की पूर्ण रसग्रहण क्षणात तयार मिळतं, शुद्धलेखनासकट. आमच्या वेळच्या गाईडला निदान पैसे तरी पडायचे! ठरीव वाक्यं इतकी स्वस्त झाल्यावर ती मुलांकडून लिहून घेण्यात काय अर्थ आहे? वर्गात समोर बसून, एका शब्दावर बोट ठेवून मुलाने सांगितलेलं एक वाक्य मला त्या तयार पानापेक्षा मोलाचं वाटतं.

पालकांनाही एक विनंती. मुलगा कविता पाठ करत बसला असेल, तर त्याला अर्थ विचारू नका. अर्थ त्याने पाठ केलेला असतो. त्याला विचारा, यातला कुठला शब्द बदलला तर कविता बिघडेल? त्याला उत्तर आलं नाही तरी चालेल. तो पुन्हा कवितेकडे वळून पाहील, आणि तेवढंच हवं आहे. असा शब्दांपाशी थांबायला शिकलेला मुलगा उद्या जाहिरात वाचेल, करारनामा वाचेल, निवडणुकीचं भाषण ऐकेल. ‘कुणीतरी’ म्हणून कुणाचं नाव लपवलंय, हे त्याला तिथेही कळेल.

त्या मुलीची पुन्हा भेट झाली नाही. ती आज कुठे आहे, काय करते, मला माहीत नाही. कविता वाचत असेल का, याचा विचार मनात येतो. दीड गुणाचं दुःख ती केव्हाच विसरली असेल. पण आपल्याला दिसलं ते शाळेत लिहायचं नसतं, हा धडा विसरली असेल का, याची मला खात्री नाही.

निवृत्तीपर्यंत मी एक नियम पाळला. पेपर तपासताना एखादं उत्तर विचित्र वाटलं, तर लाल पेन खाली ठेवायचं आणि आधी कविता पुन्हा उघडायची. बऱ्याच वेळा उत्तर चुकलेलंच निघायचं. पण काही वेळा कविता वाचण्यात चूक माझीच झालेली असायची.